वेबसाइटसाठी सीएमएस कशी निवडावी: मजकुरापासून सुरू होणारी पद्धत

सीएमएस म्हणजे वेबसाइटवर मजकूर टाकायची, बदलायची आणि सांभाळायची सिस्टिम. ‘वर्डप्रेस घ्यायची की ड्रुपल?’ हा तिच्याबद्दलचा प्रश्न बहुतेक ठिकाणी पहिल्याच बैठकीत निघतो, आणि तो फार लवकर निघतो. त्या वेळी वेबसाइटवर नेमकं काय जाणार, ते कोण टाकणार आणि पाच वर्षांनी देखभाल कुणाकडे असणार, यातलं काहीही कागदावर आलेलं नसतं. मग कुणी आधी काय वापरलंय, कुठली थीम (वेबसाइटचं तयार रूप) देखणी दिसली, ओळखीतला डेव्हलपर काय म्हणाला यावर निर्णय होऊन जातो. पुढे सीएमएस बदलायची वेळ आली, तर शेकडो पानं, त्यांचे पत्ते, चित्रं, फॉर्म आणि माणसांच्या सवयी हे सगळं हलवावं लागतं. म्हणून सुरुवातीला दोन-तीन आठवडे जास्त गेले तरी ते देण्यासारखे आहेत, असं मी आग्रहाने सांगते.

या लेखातली पद्धत तीन प्रश्नांवर उभी आहे: मजकुराचा आकार काय आहे, तो रोज कोण हाताळणार आहे, आणि उद्या यातून बाहेर पडायचं ठरलं तर काय हाती लागेल. वैशिष्ट्यांच्या लांबलचक तुलनात्मक तक्त्यांत हे तिन्ही प्रश्न सहसा सापडत नाहीत.

आधी मजकुराची यादी

सिस्टिमचं नाव न घेता एक स्प्रेडशीट उघडा. वेबसाइटवर कुठल्या प्रकारचा मजकूर असेल ते एकेका ओळीत लिहा. ‘पानं’ असं मोघम लिहू नका. समजा, संगीत शिकवणारी एक संस्था आहे. तिच्या वेबसाइटवर शिक्षकांची माहिती, वर्ग, कार्यक्रम, ध्वनिमुद्रणं, लेख आणि ‘आमच्याविषयी’सारखी चार-पाच स्थिर पानं असतील. म्हणजे सहा प्रकार झाले.

आता प्रत्येक प्रकारापुढे त्याचे रकाने लिहा. कार्यक्रमाला नाव, तारीख, वेळ, स्थळ, सादर करणारे, छायाचित्र, नोंदणीची लिंक. वर्गाला विषय, पातळी, वार, शिक्षक, जागा शिल्लक आहे की नाही. त्यानंतर सर्वांत मोलाचं काम: या प्रकारांमधली नाती काढा. एक शिक्षक अनेक वर्ग घेतो. एका कार्यक्रमात तीन शिक्षक गातात. एका ध्वनिमुद्रणाचा संबंध कार्यक्रमाशीही आहे आणि शिक्षकाशीही. शिक्षकाच्या पानावर त्याचे वर्ग, कार्यक्रम आणि ध्वनिमुद्रणं आपोआप दिसायला हवीत का? ‘हो’ असं उत्तर आलं, तर तुमचा मजकूर एकमेकांत गुंतलेल्या नोंदींचा आहे. ‘नाही, लेख आणि चार पानं एवढंच’ असं उत्तर आलं, तर काम बरंच सोपं आहे. निम्मी निवड या एका उत्तरावर ठरते.

प्रत्येक प्रकाराच्या नोंदी आज किती आहेत, वर्षाला किती वाढतील आणि किती वेळा बदलतील, हेही अंदाजे लिहून ठेवा. हजारभर जुने लेख पण महिन्याला एकच नवा, ही एक परिस्थिती. चाळीसच पानं पण त्यातली दहा रोज बदलणारी, ही अगदी वेगळी.

रोज कोण बसणार आहे?

वेबसाइटमागे तीन भूमिका असतात. मजकूर टाकणारी व्यक्ती, रचना उभी करणारी व्यक्ती आणि सर्व्हर, अपडेट, बॅकअप सांभाळणारी व्यक्ती. छोट्या संस्थेत तिन्ही भूमिका एकाच माणसावर येतात. तसं असेल तर स्पष्ट लिहा. तिसऱ्या भूमिकेपुढे कुणाचंच नाव लिहिता येत नसेल, तर स्वतःच्या सर्व्हरवर चालवायची कुठलीही सिस्टिम तुमच्यासाठी धोक्याची आहे, मग ती कितीही चांगली असो.

मजकूर टाकणाऱ्या व्यक्तीबद्दल मला विशेष बोलायचं आहे. निवडीच्या बैठकीत ती बहुतेकदा नसते. तिच्या वतीने डेव्हलपर किंवा व्यवस्थापक बोलतात. पण सीएमएस म्हणजे तिचं रोजचं टेबल आहे. तिथे एक कार्यक्रम टाकायला बारा क्लिक लागत असतील आणि चित्र प्रत्येक वेळी तिरपं बसत असेल, तर काही महिन्यांत ती वेबसाइटवर टाकणं कमी करते आणि माहिती समाजमाध्यमांवरच जाऊ लागते. ओस पडलेल्या कित्येक वेबसाइट्सचं कारण मला इथेच सापडलं आहे. तिला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

मंजुरीची साखळीही इथेच मांडा. कुणी लिहिलेलं कुणीतरी तपासून मगच प्रसिद्ध होणार आहे का? वर्डप्रेसमध्ये सबस्क्रायबर, काँट्रिब्यूटर, ऑथर, एडिटर आणि ॲडमिनिस्ट्रेटर अशा पाच भूमिका तयार मिळतात. काँट्रिब्यूटर लिहू शकतो, पण प्रसिद्ध करू शकत नाही. बऱ्याच ठिकाणी एवढं पुरतं. ‘या विभागाच्या माणसाने फक्त याच विभागाची पानं बदलावीत’ अशी गरज असेल, तर मात्र ड्रुपल आणि जूमला उजवे ठरतात.

कुठल्या जातीची सिस्टिम?

नावांकडे जाण्याआधी जात ठरवा. पहिली जात म्हणजे विक्स, स्क्वेअरस्पेस, वेबफ्लो यांसारख्या पूर्ण सेवा. होस्टिंग (वेबसाइट ठेवायची सर्व्हरवरची जागा), सुरक्षा, अपडेट सगळं त्यांच्याकडे, तुम्ही वर्गणी भरायची. देखभालीला माणूस नसलेल्या, दहा-वीस पानांच्या वेबसाइटसाठी ही अगदी योग्य निवड असू शकते. तिला कमी लेखायचं कारण नाही. बदल्यात तुम्ही त्यांच्या चौकटीत राहता, आणि बाहेर पडताना काय सोबत नेता येतं हा प्रश्न उरतो. त्याकडे पुढे येतेच.

दुसरी जात म्हणजे स्वतःच्या होस्टिंगवर चालणारी ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेली सीएमएस: वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला, घोस्ट. इथे एक गोंधळ आधीच दूर करायला हवा. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर मिळतं ते सॉफ्टवेअर, जे कुठेही बसवता येतं. वर्डप्रेस डॉट कॉम ही ऑटोमॅटिक कंपनीची होस्टिंग सेवा आहे. सल्ला घेताना समोरचा यातल्या कशाबद्दल बोलतोय ते विचारून घ्या.

तिसरी जात स्टॅटिक साइट जनरेटरची. २००८ मध्ये आलेलं जेकिल, २०१३ मधलं ह्यूगो, नंतरचं इलेव्हंटी ही त्यातली नावं. मजकूर मार्कडाउन या साध्या खुणांनी लिहिलेल्या फायलींत राहतो, त्यावरून एचटीएमएल पानं आधीच तयार होतात आणि सर्व्हर ती जशीच्या तशी पाठवतो. डेटाबेस नाही, लॉगिनचं पान नाही, त्यामुळे हल्ला करायला जागाही फार थोडी. वेग उत्तम. लिहिणाऱ्यांना मार्कडाउन आणि गिट (फायलींतले बदल नोंदवून ठेवणारं साधन) येत असेल, तर माझी पहिली पसंती हीच असते. येत नसेल तर हट्ट धरू नका. वरून संपादनाचा पडदा जोडता येतो, पण तो बिघडला की पुन्हा डेव्हलपरकडेच धाव घ्यावी लागते.

चौथी जात हेडलेस सीएमएसची: स्ट्रॅपी, डायरेक्टस, सॅनिटी, काँटेंटफुल. या फक्त मजकूर साठवतात आणि एपीआयमधून, म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडून माहिती मागायच्या वाटेने, देतात. दिसणारी वेबसाइट वेगळी बांधावी लागते. एकच मजकूर वेबसाइट, मोबाइल ॲप आणि आणखी कुठल्या पडद्यावर जाणार असेल, आणि कायमस्वरूपी डेव्हलपर हाताशी असेल, तरच यात पडा. ‘प्रसिद्ध करण्याआधी पान कसं दिसेल ते बघायचंय’ ही संपादकाची साधी मागणीसुद्धा इथे वेगळं काम म्हणून करून घ्यावी लागते.

फक्त दुकान चालवायचं असेल, म्हणजे माल, साठा, कर, पैसे भरणं, परतावा, तर शॉपिफायसारखी दुकानासाठीच बनलेली सेवा आधी पाहा. लेखांची वेबसाइट मोठी आणि दुकान छोटं असेल, तेव्हा वर्डप्रेसवर वूकॉमर्स ही दुकानाची जोडणी बसवणं हा मार्ग जुळतो.

वर्डप्रेस: सोपी सुरुवात, पण शिस्त हवी

मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ‘बी२’ या ब्लॉगिंग सॉफ्टवेअरच्या कोडवरून २००३ मध्ये वर्डप्रेस सुरू केलं. आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट्स त्यावर चालतात. या प्रसाराचा सर्वांत मोठा फायदा असा की माणूस सापडतो. एक डेव्हलपर सोडून गेला तर दुसरा मिळतो. अडचण आली तर ती आधी कुणाला तरी आलेली असते. होस्टिंग जवळपास प्रत्येक ठिकाणी मिळतं. संस्थेच्या दृष्टीने या गोष्टींचं वजन फार मोठं आहे.

डिसेंबर २०१८ मधल्या ५.० आवृत्तीपासून त्यात ब्लॉक एडिटर आला. परिच्छेद, चित्र, तक्ता, बटण हे सगळं वेगवेगळ्या ठोकळ्यांत. लेख लिहिणाऱ्याला तो लवकर हाताला बसतो. पण त्याच लवचिकतेमुळे प्रत्येक पान वेगळं दिसू लागतं. म्हणून डेव्हलपरकडून काही ठरावीक पॅटर्न, म्हणजे ठोकळ्यांच्या तयार मांडण्या, बनवून घ्या, काही ब्लॉक बंद करा आणि संपादकाला रंग-आकार निवडायची मोकळीक कमी ठेवा.

गुंतलेल्या नोंदींच्या बाबतीत वर्डप्रेसची रचना समजून घ्यायला हवी. लेख, पान, कार्यक्रम, शिक्षक हे सगळे प्रकार डेटाबेसमधल्या एकाच ‘पोस्ट्स’ तक्त्यात जातात आणि जादा रकाने ‘पोस्टमेटा’ नावाच्या दुसऱ्या तक्त्यात नाव-मूल्य अशा जोडीने साठतात. प्रत्येक रकाना म्हणजे तिथली एक ओळ. काही शे नोंदींसाठी हे व्यवस्थित चालतं. पण ‘या वारी, या पातळीचे, या शिक्षकाचे, जागा शिल्लक असलेले वर्ग दाखवा’ अशी चार रकान्यांची चाळणी हजारो नोंदींवर लावायची झाली, तर डेटाबेसला तोच तक्ता पुन्हापुन्हा जोडावा लागतो आणि पान मंदावतं. उपाय आहेत, पण ते मुद्दाम करून घ्यावे लागतात.

दुसरी शिस्त प्लगइनची, म्हणजे मूळ सिस्टिमला नव्या सोयी जोडणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरची. अधिकृत संग्रहात पन्नास हजारांहून अधिक मोफत प्लगइन्स आहेत, त्यामुळे प्रत्येक गरजेला ‘प्लगइन टाकू’ हे उत्तर तयार असतं. प्रत्येक प्लगइन म्हणजे कुणा तिसऱ्याच माणसाचा कोड तुमच्या सर्व्हरवर, तोही पूर्ण अधिकारांसह. टाकण्याआधी शेवटचं अपडेट कधी झालं, सध्याच्या आवृत्तीवर तपासलंय का, मदतीच्या पानावर प्रश्नांना उत्तरं मिळतात का, हे बघा. काय टाकलं आणि कशासाठी, याची यादी ठेवा. कारण आठवत नसलेलं प्लगइन काढून टाका, नुसतं बंद करून ठेवू नका. बंद प्लगइनच्या फायली सर्व्हरवर तशाच असतात.

अपडेटची नळी कुणाच्या हातात आहे, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑटोमॅटिक आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्या वादात ‘ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ या जादा रकाने बनवणाऱ्या अत्यंत प्रचलित प्लगइनची अधिकृत संग्रहातली जागा ‘सिक्युअर कस्टम फील्ड्स’ या नावाने दुसऱ्यांकडे गेली. प्रकरण न्यायालयात गेलं. यातून वर्डप्रेस सोडावं असा निष्कर्ष मी काढत नाही. पण महत्त्वाचा मजकूर ज्या प्लगइनवर टेकलेला आहे, त्याचं अपडेट कुठून येतं हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

ड्रुपल: नात्यांनी बांधलेल्या मजकुरासाठी

ड्रिस बोइतार्ट यांनी २००१ मध्ये ड्रुपल ओपन सोर्स म्हणून खुलं केलं. त्याचा पिंडच वेगळा आहे. मजकुराचे प्रकार, त्यांचे रकाने आणि नोंदींमधले संदर्भ हे सगळं ड्रुपलच्या गाभ्यातच आहे, आणि ते पडद्यावरून मांडता येतं. तुमच्या स्प्रेडशीटमधली नाती तिथे जवळजवळ तशीच उतरतात. ‘व्ह्यूज’ हे याद्या बनवायचं साधन वापरून ‘या शिक्षकाचे येणारे कार्यक्रम, तारखेप्रमाणे’ अशी यादी कोड न लिहिता बनते. अधिकारांची विभागणी बारीक आहे. अनेक भाषांची सोयही ड्रुपल ८ पासून गाभ्यातच आहे.

याची किंमत शिकण्यात आणि देखभालीत मोजावी लागते. कंपोझर या कोडचे भाग उतरवून बसवणाऱ्या साधनाशिवाय ड्रुपल नीट चालवता येत नाही, म्हणजे कमांड लाइन येणारा माणूस हवाच. आणि आवृत्त्यांचा इतिहासही नीट बघा. ड्रुपल ७ जानेवारी २०११ मध्ये आलं. २०१५ मध्ये आलेल्या ड्रुपल ८ ने आतली मांडणी मुळापासून बदलली, त्यामुळे ७ वरून ८ वर जाणं म्हणजे वेबसाइट नव्याने बांधण्यासारखंच होतं. खूप संस्था ७ वरच थांबल्या, त्याच्या समर्थनाची मुदत अनेकदा वाढवावी लागली आणि अखेर ५ जानेवारी २०२५ ला ते संपलं. ८ पासून पुढे मात्र एका मोठ्या आवृत्तीवरून दुसरीवर जाणं बरंच सुकर ठेवलेलं आहे. म्हणून जुन्या अनुभवावरून कुणी ‘ड्रुपल नकोच’ म्हणालं, तर तो अनुभव कुठल्या आवृत्तीचा ते विचारा. सुरुवात सोपी करण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये ‘ड्रुपल सीएमएस’ हा तयार जोडणीचा संचही आला आहे.

माझं मत सरळ सांगते: पाचपेक्षा जास्त मजकूर-प्रकार, त्यांच्यात खरी नाती, अनेक विभाग, अनेक भाषा आणि हाताशी तांत्रिक माणूस, हे सगळं असेल तर ड्रुपल. यातलं शेवटचं नसेल, तर बाकीचं सगळं असूनही नाही.

जूमला, घोस्ट

जूमला २००५ मध्ये मॅम्बो या सीएमएसपासून वेगळं झालं. अनेक भाषा आणि बारीक अधिकार हे दोन्ही त्यात प्लगइनशिवाय मिळतं, आणि चालवायला ड्रुपलइतकं अवघड नाही. अडचण माणसांची. ते जाणणारे डेव्हलपर आणि सतत सांभाळली जाणारी एक्स्टेंशन्स वर्डप्रेसच्या मानाने कमी आहेत. ओळखीतला जाणकार असेल तर विचार जरूर करा.

घोस्ट २०१३ पासूनचं, नोड जेएसवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालणारं. लेखन, ईमेल वार्तापत्र आणि वर्गणीदार सभासद एवढंच ते करतं आणि फार छान करतं. लिहिण्याचा पडदा मला तरी सगळ्यांत शांत वाटतो. पण त्यात स्वतःचे मजकूर-प्रकार किंवा रकाने बनवता येत नाहीत. पोस्ट, पान आणि टॅग, बस्स. संगीत संस्थेच्या वर्गांचं वेळापत्रक त्यात कोंबू नका. एकट्या लेखकासाठी किंवा नियतकालिकासाठी मात्र ते पहिल्या दोनांत असावं.

बाहेर पडायची वाट आधी तपासा

ही पायरी लोक सर्वांत जास्त टाळतात. घरात शिरण्याआधी मागचं दार कुठे उघडतं ते बघावं, तसं हे आहे. २००४ मध्ये मूव्हेबल टाइप या तेव्हाच्या आघाडीच्या ब्लॉगिंग सॉफ्टवेअरने परवान्याच्या अटी बदलल्या, तेव्हा असंख्य लेखक नव्याने आलेल्या वर्डप्रेसकडे वळले. मजकूर बाहेर काढता येत होता म्हणूनच त्यांना ते जमलं.

विक्सवर बांधलेली वेबसाइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर ठेवता येत नाही. स्क्वेअरस्पेस मजकुराचा काही भाग वर्डप्रेसला समजेल अशा एक्सएमएल फायलीत देतं, सगळा नाही. वेबफ्लोमधून पानांचा कोड आणि नोंदींची सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) वेगवेगळी मिळते, पण त्या कोडमधले फॉर्म त्यांच्या सेवेबाहेर चालत नाहीत. वर्डप्रेसची निर्यात एक्सएमएलमध्ये होते. त्यात चित्रं नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात, म्हणून जुनी वेबसाइट बंद करण्याआधी चित्रांचा फोल्डर वेगळा उतरवून घ्यावा लागतो.

ओपन सोर्समध्येही अडकता येतं, आणि ते कुणी सांगत नाही. काही पेज बिल्डर, म्हणजे पानं ओढून-ठेवून सजवायची प्लगइन्स, पानाची मांडणी चौकोनी कंसांतल्या शॉर्टकोडच्या रूपात मजकुरातच मिसळतात. बिल्डर काढला की वाचकाला पानभर कंस दिसतात. म्हणून चाचणीत एक प्रयोग कराच: पाच पानं बनवा, निर्यात करा, फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. मजकूर, शीर्षक, तारीख, लेखक हे डोळ्यांनी वाचता येत असेल तर वाट मोकळी आहे.

सुरक्षा आणि अपडेट

ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपल ७ च्या गाभ्यात एसक्यूएल इंजेक्शनचा, म्हणजे बाहेरच्याला डेटाबेसला चोरटे आदेश देता येण्याचा, गंभीर दोष जाहीर झाला. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा चमूने सांगितलं की घोषणेपासून सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नाही, त्यांनी आपली वेबसाइट फोडली गेली आहे असंच धरून चालावं. सात तास. हा आकडा समोर ठेवून स्वतःला विचारा: रात्री असा निरोप आला तर तो कोण वाचेल आणि कोण हात लावेल?

उत्तर नसेल तर तीन मार्ग आहेत: पूर्ण सेवा घ्या, स्टॅटिक साइट करा, किंवा अपडेटची जबाबदारी लेखी घेणारं व्यवस्थापित होस्टिंग घ्या. वर्डप्रेस २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून गाभ्याच्या छोट्या सुरक्षा दुरुस्त्या आपोआप बसवतं, ही मोठीच सोय आहे. प्लगइन्सचं आपोआप अपडेट मात्र तुम्ही सुरू करायला हवं. आणि बॅकअपबद्दल एकच: जो परत बसवून पाहिलेला नाही, तो बॅकअप धरू नका. चाचणीच्या काळातच एकदा पूर्ण वेबसाइट रिकाम्या जागेवर पुन्हा उभी करा.

देवनागरी मजकुराच्या चाचण्या

मराठी वेबसाइट करणाऱ्यांनी हा भाग सोडू नये, कारण तयार परीक्षणांत तो सापडत नाही.

पहिली चाचणी पत्त्याची. वर्डप्रेसमध्ये लेखाचा पत्ता शीर्षकावरून बनतो आणि डेटाबेसमध्ये त्यासाठी २०० अक्षरांची जागा आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, हलन्त असं प्रत्येक, टक्केचिन्हांच्या रूपात साठवताना नऊ जागा घेतं. म्हणजे साधारण बावीस चिन्हांनंतर पत्ता तुटतो, अगदी शब्दाच्या मध्यावर. त्यामुळे पत्ते रोमन लिपीत हाताने लिहायचे की देवनागरीत छोटे ठेवायचे, हा नियम पहिल्याच दिवशी करा. ड्रुपलमध्ये पाथऑटो मॉड्यूल पत्त्याचं लिप्यंतर करू शकतं. जूमलात युनिकोड (म्हणजे देवनागरीसारख्या लिपीतले) पत्ते सुरू-बंद करायची सोय आहे.

दुसरी शोधाची. वर्डप्रेसचा मूळ शोध अक्षरांची साखळी जशीच्या तशी जुळवतो. ‘शिक्षक’ शोधलं तर ‘शिक्षकांनी’ सापडतं, पण ‘मजकूर’ शोधलं तर ‘मजकुरात’ सापडत नाही, कारण ऊकार ऱ्हस्व होतो. मराठीत असे शब्द पदोपदी आहेत. शोध हा तुमच्या वेबसाइटचा मुख्य दरवाजा असेल, तर प्रत्येक उमेदवार सिस्टिममध्ये असे दहा शब्द टाकून बघा.

तिसरी डोळ्यांची. रोमन लिपीसाठी बनलेल्या कित्येक थीम्स शीर्षकांत अक्षरांमधलं अंतर वाढवतात. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर कमी असेल तर वरची मात्रा आणि खालचा ऊकार एकमेकांवर चढतात. ‘दृष्टी’, ‘कार्यकर्त्यांमध्ये’, ‘वाङ्मय’, ‘दुसऱ्या’ हे शब्द शीर्षकात, बटणात आणि मेन्यूत टाकून बघा.

दोन भाषांत वेबसाइट हवी असेल तर आणखी एक गोष्ट. वर्डप्रेसच्या गाभ्यात बहुभाषिक मजकुराची सोय नाही. पॉलीलँग किंवा डब्ल्यूपीएमएलसारखं प्लगइन लागतं, आणि एकदा घेतलं की ते सोडणं कठीण जातं. ‘पुढे कधीतरी इंग्रजीही करू’ असं मनात असेल तर ते आताच यादीत लिहा.

खरी चाचणी: दोन सिस्टिम्स, तोच मजकूर

एवढं झाल्यावर दोनच नावं उरायला हवीत. तीन उरली तर वरचे प्रश्न पुन्हा विचारा. दोन्ही सिस्टिम्स चाचणीच्या जागेवर बसवा आणि तुमचा खरा मजकूर घ्या, नमुन्याचा नको. त्यातही सर्वांत अवघड नोंद निवडा: तीन शिक्षक, दोन ध्वनिमुद्रणं, तक्ता आणि बदललेली तारीख असलेला कार्यक्रम.

मग रोज काम करणाऱ्या व्यक्तीला समोर बसवा. तिला ही कामं द्या: चित्रासह नवा कार्यक्रम टाकणं आणि चित्राचं पर्यायी वर्णन लिहिणं, प्रसिद्ध झालेल्या कार्यक्रमाची वेळ बदलणं, चुकून पुसलेला परिच्छेद परत आणणं, वर्ड फायलीतला तक्ता चिकटवणं, लेख उद्या सकाळी प्रसिद्ध होईल असा लावून ठेवणं, आणि यातलं एखादं काम मोबाइलवरून करणं. तुम्ही शेजारी बसा, पण सांगू नका. ती कुठे थांबते, कुठे मागे जाते, कुठे ‘हे गेलं कुठे?’ म्हणते ते टिपा. दुसऱ्या दिवशी तीच कामं पुन्हा करायला सांगा. पहिल्या दिवशीचा गोंधळ नवखेपणाचा असू शकतो. दुसऱ्या दिवशीही तिथेच अडलं, तर दोष सिस्टिमचा.

ती जर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरत असेल किंवा फक्त कीबोर्डवर काम करत असेल, तर हा निकष सर्वांत वर घ्या. डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचे ‘एटॅग २.०’ नावाचे निकष खास मजकूर बनवण्याच्या साधनांसाठी आहेत. सिस्टिम ते पाळते का, हे तिच्या दस्तावेजांत शोधा.

खर्च पाच वर्षांचा मांडा

सॉफ्टवेअर मोफत असणं हा खर्चाचा छोटा भाग. होस्टिंग, डोमेन, सशुल्क प्लगइन आणि थीमची दरवर्षीची नूतनीकरणं, महिन्याला देखभालीचे तास, एक मोठं आवृत्ती-अपडेट, आणि नव्या संपादकाला शिकवायला लागणारा वेळ हे सगळं पाच वर्षांसाठी एका रकान्यात मांडा. पूर्ण सेवेची वर्गणी महाग वाटते ती फक्त पहिल्या वर्षाकडे पाहिल्यामुळे. देखभालीच्या तासांना पैशांत मोजलं की चित्र बदलू शकतं.

निर्णयानंतर लगेच

निवड का केली ते एका पानात लिहून ठेवा. नाकारलेल्या सिस्टिमचं नाव आणि कारणही लिहा, कारण दोन वर्षांनी कुणीतरी तोच वाद पुन्हा काढेल.

जुनी वेबसाइट असेल तर तिच्या सगळ्या पत्त्यांची यादी काढा आणि प्रत्येकासमोर नवा पत्ता लिहा. जुन्यावरून नव्यावर कायमचं वळण, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट, लावा. सगळं मुख्यपानाकडे वळवू नका, वाचक हवं ते पान शोधत आलेला असतो. नवी वेबसाइट सुरू झाल्यावर जुनी लगेच पुसू नका. ती बाहेरच्यांसाठी बंद करून, फक्त वाचता येईल अशी काही महिने ठेवा. पहिला महिनाभर ४०४ त्रुटींची, म्हणजे पान न सापडल्याची, नोंद आठवड्यातून दोनदा उघडा आणि जे पत्ते तिथे पुन्हापुन्हा दिसतात, त्यांना वळण लावत जा.